आईचा घेवडा

दादाचा बेत साधा होता. आत्या टॅक्सीतून उतरेल, घरात येऊन पाय पसरून बसेल, चहा घेईल, डोळ्याच्या ऑपरेशनची हकिगत पहिल्यापासून सांगेल, आणि तेवढ्यात अंधार पडेल. अंधारात परसातलं काही दिसत नाही. उद्याचं उद्या बघता येईल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा बेत म्हटला तर तो फारच कच्चा होता, पण पाचावर धारण बसलेल्या माणसाला याहून जास्त काही सुचत नाही.

"अहो, त्या अजून झाडावरच आहेत," मागच्या दारातून त्याची बायको म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणते.

"मग उतरव ना त्यांना."

"मी बालवाडीतली मुलं उतरवते. कोंबड्या नाही. तुम्ही चढवल्यात, तुम्हीच उतरवा."

पेरूच्या फांद्यांवर चार कोंबड्या पाठ फिरवून बसल्या होत्या. सगळ्यांत वर मास्तरीण. पंख मागे बांधून, मान वळवून वळवून चालायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आताही ती दादाकडे असं बघत होती की गृहपाठ न केलेल्या मुलाची आठवण व्हावी.

त्यांना चढवलं होतं फिनेलने. आत्या ऑपरेशनसाठी त्याच्या बहिणीकडे, धाकटीकडे, राहायला गेली, आणि दादाच्या मनाने घेतलं की आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. आत्या टोमॅटो समजून कपड्यांच्या दोरीवरचा लाल चिमटा तोडायला गेली हे तिने पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला. मग मोठ्या भावाने काय हात बांधून बसायचं? आई गेल्यावर आत्या आली होती ती पंधरा दिवसांसाठी. टेलिफोन ऑफिसातली नोकरी सोडून इथलीच झाली. तेव्हा दादा शाळेत जात होता आणि धाकटीला अजून बसताही येत नव्हतं. अशा माणसाचे उपकार फेडायला गेलं तर जन्म पुरत नाही. दादाकडे रविवारची सुट्टी होती. त्याने परस साफ करायचं ठरवलं.

आणि साफ म्हणजे साफ. खुराड्यातला भुस्सा त्याने पोती भरभरून उपसला. आत्या त्यावर थरावर थर देत आली होती. थंडीत कोंबड्यांना ऊब, पुढे वाफ्यांना खत. दादाला त्यात घाण दिसली. त्याने जमीन घासली, फिनेल ओतलं, भिंतींना चुना लावला. खुराडं दवाखान्यासारखं दिसायला लागलं आणि त्या दिवसापासून एकही कोंबडी आत शिरली नाही. अंडी देणंही बंद.

"अंडी ठेवलीत का?" वहिनीने विचारलं.

"ठेवली की. सहा."

"पांढरी आहेत ती."

"अंडी पांढरीच असतात."

"दुकानातली. आपल्या कोंबड्यांची तांबूस असतात, तुमच्या आत्यांना ते झोपेतही कळेल."

"अगं, तिला कुठे एवढं दिसणार आहे? डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या."

वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो, ऑपरेशन दिसावं म्हणूनच करतात ना!"

दादाने हा विचार केला नव्हता. तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. पान्याचं परसात काहीच काम नव्हतं, पण हातात पाना असला की त्याला धीर यायचा.

फिनेलचं काय, उडून जाईल. कोंबड्या आज ना उद्या उतरतील. खरी गोष्ट कुंपणापाशी होती, म्हणजे नव्हती. तिथे आईचा घेवडा होता. आईने या घरात पाऊल ठेवलं त्या वर्षी लावलेला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्याच्याच शेंगा वेलावर वाळवून, त्याचंच बी पुन्हा पेरून पुढे आणलेला. यंदाचे वेल उन्हाळ्याच्या तोंडाशी पिवळे पडून वाळले होते आणि बियाण्याच्या शेंगांना आत्याने लाल लोकर बांधून ठेवली होती. दादाने ती जाळी मुळासकट ओढून काढली, पोत्यात कोंबली आणि कचऱ्याच्या गाडीत चढवली. वहिनी बाजारातून घरी आली तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

"ती लोकर दिसली नाही तुम्हाला?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"दिसली. मला वाटलं, वाऱ्याने येऊन अडकली."

"गाठ मारून?"

डब्यातलं सगळं बी आत्याने यंदा लावून टाकलं होतं. म्हणजे आईचा घेवडा संपला होता, आणि तो आपण संपवला, हे दादाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

*

आत्या रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत आली. टॅक्सीवाल्यालाही तिने सोडलं नाही. त्याच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे हे त्याला सांगितलं. काळ्या चष्म्याआडून जग एवढं स्वच्छ दिसेल असं तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. शेजारी बसलेल्या धाकटीच्या कानामागे एक पांढरा केस होता. तो मात्र तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तुझे फार उपकार झाले गं," ती म्हणाली.

"आत्या, असं बोललीस तर इथेच उतरवीन."

धाकटीच्या मांडीवर एक बिस्किटांचा रिकामा डबा होता. घासून, उन्हात वाळवून आणलेला. इतकी वर्षं ती तिसऱ्या मजल्यावर राहिली होती. आता नवऱ्याने आणि तिने तळमजल्यावरचं घर घेतलं होतं, मागे पट्टीएवढी जमीन होती, आणि त्या पट्टीत आधी काय लावायचं हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

"अर्धा डबा भरेल ना?" तिने विचारलं.

"अर्धा कशाला? भरून ने. यंदा शेंगा छान धरल्यात."

दारात दादा उभा होता. त्याने आत्याला वाकून नमस्कार केला, बॅग घेतली, खुर्ची ओढली, पंखा लावला, आणि हे सगळं एकाच वेळी करायला गेल्यामुळे बॅग पंख्याच्या बटणावर आपटली.

"बस आत्या. दमली असशील. चहा ठेवलाय. डॉक्टर काय म्हणाले? पहिल्यापासून सांग."

"डॉक्टर म्हणाले, दिसेल. दिसतंय," आत्या म्हणाली आणि न थांबता मागच्या दाराशी गेली.

ज्या घरात आपण आयुष्य काढलं त्याचा वास आपल्याला येत नाही. आज तिला आला.

"फिनेल," ती म्हणाली.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथे तर कोंबड्या झाकलेल्याही नव्हत्या. झाडावर बसल्या होत्या. आत्याचा आवाज ऐकताच मास्तरणीने मान वळवली, फडफडाट करून खाली आली आणि थेट तिच्या पायाशी येऊन घशातल्या घशात बोलू लागली. मागोमाग बाकीच्या तिघी. चौघी मिळून चहाडी करत होत्या म्हणा ना.

आत्याने खुराड्यात डोकावून पाहिलं. भिंतींचे पांढरेशुभ्र कोपरे, उघडी जमीन. टोपलीत सहा अंडी नीट मांडलेली. तिने एक उचललं आणि तळहातावर धरलं.

"गार आहे."

"हवा जरा गार होती आज," दादा म्हणाला.

"उन्हाळ्यात?"

"पहाटे. पहाटे होती."

आत्याने अंड्यावरचा ओलावा अंगठ्याने पुसला. आत राग यायला हवा होता, पण येत नव्हता. तिला या दोन पोरांचं काही उमजायचं तर ते हातांवरून उमजायचं. दादाच्या बोटांच्या पेरांवर चुन्याने भेगा पडल्या होत्या. या एवढ्या मोठ्या माणसाने आपल्यासाठी ओणवं होऊन खुराडं घासलं. आपल्या पोटचा असता तर याहून निराळं काय केलं असतं? कदाचित थोडं कमी केलं असतं, तर बरं झालं असतं.

"दादा," कुंपणापाशी धाकटी ओरडली. "शेंगा काढून ठेवल्यास का रे?"

*

धाकटीला सुरुवातीला काही कळलंच नाही. कुंपण होतं. काठ्या धुऊन एका कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. माती एकसारखी, भांग पाडावा तशी विंचरलेली. तिथे वेलाचं पानदेखील नव्हतं.

"काढल्या," दादा म्हणाला.

"कुठे ठेवल्यास?"

"म्हणजे… काढून टाकल्या. मला वाटलं वाळलंय. साफ करताना. गाडी आली होती कचऱ्याची."

"सगळ्या?"

दादाने मान खाली घातली.

तिने डबा मातीवर ठेवला. आधी हळूच ठेवला, मग पायाने लोटला. "तुला काय गरज होती? कुणी सांगितलं होतं? आत्याने सांगितलं होतं, माझं परस घासून ठेव म्हणून?"

"मी तिच्यासाठी केलं गं. तू डोळ्याचं केलंस, मला वाटलं आपणही…"

"माझ्याशी बरोबरी करायला आईचा घेवडा सापडला तुला?"

"बरोबरी नाही…"

"तुला तिचा आवाज आठवतो. तिचं चालणं आठवतं. तू सांगतोस, आई हसताना तोंडावर हात धरायची. मी ऐकते. माझ्याकडे काय आहे रे? एक फोटो, त्यात मी कपड्यात गुंडाळलेली. आणि हा घेवडा. तिने हाताने लावलेलं काहीतरी माझ्या पोटात जातं, एवढंच होतं माझ्याकडे."

दादा उभ्या जागी खचला. सकाळपासून नवऱ्याला टोमणे मारणारी वहिनी आता पुढे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"पुरे गं. चुकलं त्यांचं. चार रात्री झोपलेले नाहीत ते. त्या गाडीमागे पार कचरा डेपोपर्यंत जाऊन आले."

"तू मध्ये पडू नकोस वहिनी. तुझी आई नव्हती ती."

बोलून झाल्यावर धाकटीलाच ते ऐकू आलं. वहिनीचा चेहरा पडला, पण ती आत्याकडे बघत होती. आणि आत्या हसत होती.

आधी नुसते खांदे हलले. मग हातातलं अंडं सांभाळत ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"आत्या, डोळ्याला त्रास होईल," धाकटी घाबरून म्हणाली.

"होऊ दे. अरे बाबा," आत्या दादाला म्हणाली, "हे अंडं दुकानातनं आणलंस ना?"

"हो."

"आणि घरचं म्हणून टोपलीत ठेवलंस. मला वाईट वाटू नये म्हणून."

"हो."

"तू माझ्यावरच गेलायस रे. अगदी माझ्यावर." तिने श्वास घेतला. "घेवडाही दुकानातलाच होता."

*

वहिनीला पुढचं सगळं ठाऊक होतं.

"तुझ्या आईचं बी केव्हाच गेलं," आत्या धाकटीला सांगत होती. "तू कॉलेजात होतीस. मी सगळं बी एका ओळीत लावलं होतं, वर नुकते कोंब आले होते. कोंबड्या सुटल्या आणि त्यांनी ओळच्या ओळ उकरली. एक कोंब ठेवला नाही. मी बाजारात गेले, घेवड्याचं पाकीट आणलं, पाकीट फाडून फेकलं आणि बी डब्यात ओतलं. त्यानंतरचा सगळा घेवडा त्या पाकिटाचा."

"पण कोंबड्या सुटल्या कशा?" दादाने विचारलं. लिफ्टवाला माणूस, बिघाड कुठून झाला हे कळल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. "तू तर कडी स्वतः लावायचीस."

वहिनी तेव्हा या घरात नवी होती. कोंबड्यांना दाणे घालायचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. दाणे घातले, आणि आतून नवऱ्याने हाक मारली म्हणून दार तसंच टाकून पळाली. परत येऊन पाहते तो सगळी ओळ उकरलेली. 'आईचा घेवडा' हे शब्द तिने या घरात चहाच्या आधी ऐकले होते. आता आपलं इथे काही खरं नाही, असंच तिला वाटलं. तेव्हा आत्या तिच्या शेजारी मातीत बसली होती आणि म्हणाली होती, "हे तुझ्या नावावर नको. आयुष्यभर चिकटेल. माझ्याकडे राहू दे." आणि खरंच स्वतःकडेच ठेवलं. कधी भांडणात काढलं नाही, कधी हसण्यावारी नेलं नाही.

"दार…" वहिनीने तोंड उघडलं.

"सूनबाई, चहा उकळून उकळून काळा झाला असेल," आत्या म्हणाली. "बघ जा. आणि कोंबड्या म्हणजे काय रे, सुटायच्याच. त्यांना काय आईचा घेवडा आणि मावशीचा घेवडा कळतो?"

वहिनी आत गेली. चहा उकळलेला नव्हताच. गॅसही पेटवलेला नव्हता. तिने तो पेटवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आपल्या आईनेही आपल्याला इतकं कधी झाकलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. आज तरी सांगून टाकावं का? पण दिलेलं परत करायला गेलं तर देणाऱ्याचा अपमान होतो. तिने आत्याच्या कपात दोन चमचे साखर जास्त घातली आणि खिडकी उघडून बाहेरचं ऐकत राहिली.

*

"मग मला का नाही सांगितलंस?" धाकटीने विचारलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी काय आलं होतं ते तिलाच कळत नव्हतं.

"काय सांगायचं? तू सुट्टीला यायचीस ती सरळ वेलाशी जायचीस. शेंग तोडून कच्चीच खायचीस. डोळे मिटून. तुझी आई एकदा गेलीच होती. मी ती दुसऱ्यांदा कशी काढून घेऊ तुझ्याकडून?"

धाकटी तिच्याशेजारी पायरीवर बसली. शाळेच्या डब्यातला घेवडा तेवढा खरा आईचा. कॉलेज संपून पहिली नोकरी लागली तेव्हा नेलेला, लग्नानंतर पिशव्या भरभरून नेलेला, आजारपणात कुणाबरोबर तरी पाठवलेला, तो कुणाचा? ओळी कुणी आखल्या? काठ्या कुणी रोवल्या? दिसत नसताना बोटांनी चाचपून शेंगांना लोकर कुणी बांधली? आणि आईच्या वेळचं बी तरी एवढी वर्षं आपोआप उगवत होतं काय?

"आत्या," ती म्हणाली, "तो घेवडा तुझा होता."

"दुकानातला होता म्हटलं ना."

"नाही. तुझा होता. मी मात्र तो खाल्ला आईच्या नावाने. आणि तुला एकदासुद्धा म्हटलं नाही, आत्या, तुझा घेवडा छान झालाय."

"म्हणायचीस की. 'आईचा घेवडा छान झालाय' म्हणायचीस. मला कळायचं." आत्याने हातातलं अंडं दादाकडे दिलं. "आणि तुझ्या आईला कमी करू नकोस हं. पहिली ओळ तिनेच लावली. मला काय येत होतं? मी फोन जोडणारी बाई. पेरायचं तिच्याकडून शिकले."

दादा अंडं हातात घेऊन उभा होता. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला. "म्हणजे माझ्या हातून आईचं काही गेलं नाही?"

"नाही. माझं गेलं," आत्या म्हणाली. "पण तुला माफ आहे. भुस्सा मात्र नवा आणून टाकायचा, आजच्या आज."

"आणतो. आणि घेवड्याचं बीही येताना…"

"तू नको!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि आतून खिडकीतूनही तेच ऐकू आलं.

हसणं ओसरल्यावर धाकटीने विचारलं, "ते पाकीट कुठल्या दुकानातून आणलं होतंस?"

"ते दुकान कधीच बंद झालं. तिथे आता मोबाइल मिळतात."

"मग दुसरं दुकान बघू. चल, तूच निवड."

"या दिवसांत घेवडा लावतात का वेडे? ऊन वाढतंय. करपून जाईल."

"पाणी घालीन."

"रोज घालावं लागतं. एक दिवस चुकलं तरी रोप धरत नाही."

"तू चुकवलंस का कधी?"

डॉक्टरांनी बजावलं होतं तरी आत्याने काळा चष्मा काढला आणि रुमालाच्या टोकाने डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"औषध झोंबतंय मेलं," ती म्हणाली.

"औषध संध्याकाळी घालायचंय. अजून घातलंच नाही." धाकटीने तिच्या हातातून चष्मा घेतला, स्वतःच्या ओढणीने काचा पुसल्या आणि दुकानात गिऱ्हाइकाला घालते तसा दोन्ही कानांमागे नीट बसवून दिला. "शाळेत सगळे मला बिनआईची पोर म्हणायचे, आत्या. मीही तसंच धरून चालले. एक दिवससुद्धा नव्हते गं मी बिनआईची."

आत्याने तिचा चेहरा नीट पाहून घेतला. मग तिच्या खांद्यावर हात टेकून उठली.

"चल," ती म्हणाली. "दुकान बंद होईल."